राष्ट्राध्यक्षांच्या नावे आलेले अर्ज वाचताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे १७८९ साली सरकारी पदांसाठी आलेल्या अर्जांवर प्रबंध लिहिण्याचा तुमचा विचार मला पसंत आहे. तुमच्या आराखड्यात मात्र या अर्जदारांना ठिकठिकाणी ‘लाचार’ म्हटले आहे, तो शब्द आधी खोडावा. नम्रता हा त्या काळच्या अर्जाचा रिवाज होता. आपल्याकडे ‘स्वामींचे सेवेशी’ असे लिहिणारा प्रत्येक कारकून जसा दीन नव्हता, तसाच ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशी सही करणारा बोस्टनचा व्यापारीही दीन नव्हता. मायन्याच्या आणि सहीच्या मधे अर्जदार आपला हक्क कशावर सांगतो, ते वाचायचे आहे.

हा हक्क बहुधा युद्धावर आधारलेला असतो. आठ वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी धंदा सोडला, ज्यांच्या हाती पगाराऐवजी किंमत उतरलेली कागदी प्रमाणपत्रे राहिली, असे अधिकारी आपल्या जुन्या सेनापतीला लिहीत होते. त्यांचा डोळा प्रामुख्याने बंदरांवरील जकातीच्या पदांवर होता, कारण नव्या संघराज्याचा महसूल मुख्यतः तेथूनच येणार होता आणि जकात अधिकाऱ्याची मिळकत शुल्कावर व वसुलीतील हिश्श्यावर ठरत होती. म्हणून प्रत्येक अर्जासमोर त्या बंदराची उलाढाल लिहा. बोस्टनची जकात आणि एखाद्या ओस खाडीवरची जकात यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. बोस्टनचे पद बेंजामिन लिंकन या सेनापतीला मिळाले, हे त्या दृष्टीने पाहावे.

तारखांकडेही लक्ष द्या, कारण बरेचसे अर्ज अस्तित्वात नसलेल्या पदांसाठी आहेत. वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली ती ३० एप्रिल १७८९ रोजी. जकातीचे कायदे जुलैत झाले. पेनसिल्व्हेनियाचे विख्यात कायदेपंडित जेम्स विल्सन यांनी तर २१ एप्रिललाच सरन्यायाधीशपद मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाची रचना ठरवणारा कायदा त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ सप्टेंबरला मंजूर झाला. सरन्यायाधीश जॉन जे झाले आणि विल्सन यांना त्याच न्यायालयात साधे न्यायाधीशपद मिळाले. राज्यघटना घडवणाऱ्या सभेत बसलेला माणूस स्वतःसाठी पत्र लिहितो, यात त्या पिढीला वावगे वाटत नसावे असे माझे मत आहे, तुम्ही ते तपासून पाहावे.

वॉशिंग्टन यांची उत्तरे जवळजवळ एकाच साच्यातली आहेत: कोणालाही वचन न देता मी पदावर जाणार आहे. त्यांनी हे व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बेंजामिन हॅरिसन यांनाही कळवले आणि घरच्यांनाही सूट दिली नाही. पुतण्या बुशरॉड याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाचे पद मागितले, तेव्हा त्याच्यापेक्षा जुने व नावाजलेले वकील तेथे आहेत आणि नातलगांच्या बाबतीत लोकांचे डोळे आपल्यावर रोखलेले आहेत, अशा आशयाचे पत्र काकांनी २७ जुलैला पाठवले. बुशरॉड सर्वोच्च न्यायालयात गेला तो १७९८ मध्ये, पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्या नेमणुकीने. त्या नऊ वर्षांत आडनावाचा वशिला किती लागू पडला, हा प्रश्न मी उघडाच ठेवीन.

प्रबंधात सर्वाधिक जागा मात्र मेरी कॅथरीन गोडार्ड हिच्या अर्जाला द्यावी. १७७५ पासून ती बाल्टिमोरची पोस्टमास्तर होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा सही करणाऱ्यांच्या नावांसह १७७७ च्या जानेवारीत तिनेच छापला होता. पैशाची चणचण असताना टपालस्वारांचे पैसे आपण पदरचे दिले, असे तिचे म्हणणे. १७८९ मध्ये पोस्टमास्तर-जनरल सॅम्युअल ऑसगुड यांच्या कारकिर्दीत तिला दूर करण्यात आले. या पदावरच्या माणसाला आता दूरवर फिरावे लागेल आणि ते बाईला जमणार नाही, असे कारण पुढे आले. बाल्टिमोरच्या दोनशेहून अधिक नागरिकांनी तिच्या बाजूने सह्या केल्या. २३ डिसेंबरला तिने थेट राष्ट्राध्यक्षांना लिहिले. त्या अर्जात ती स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलते, आणि कृपा न मागता चौदा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडते. ६ जानेवारी १७९० च्या उत्तरात वॉशिंग्टन यांनी आपल्या अखत्यारीबाहेरच्या नेमणुकांत हात घालत नसल्याचे कळवले. इतरांच्या बाबतीत निःपक्षपाताचे दिसणारे तेच धोरण येथे अन्यायाला हात न लावण्याची सोय होते. सिनेटकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या वरिष्ठ सभागृहाकडे, केलेला अर्जही तिला उपयोगी पडला नाही.

सिनेटचा हात कोठवर पोहोचत होता हे जॉर्जिया राज्यातील सव्हानाच्या बंदरावरून कळते. ३ ऑगस्टला वॉशिंग्टन यांनी जकातीच्या सुमारे शंभर नेमणुका पाठवल्या. त्यांतील बेंजामिन फिशबर्न यांचे नाव ५ ऑगस्टला फेटाळले गेले, कारण जॉर्जियाचे सिनेटर जेम्स गन त्यांच्या विरोधात होते. त्यामुळे अर्जदाराने राष्ट्राध्यक्षांखेरीज आपल्या सिनेटरलाही काही लिहिले होते का, हे शोधल्याशिवाय कोणताही निकाल समजणार नाही.

आणखी एक सावधगिरी. चार्ल्स गिटो या माणसाने पॅरिसमधील वाणिज्यदूताच्या पदासाठी पत्रांमागून पत्रे लिहिली आणि नकार आल्यावर २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने काही पदांसाठी परीक्षा आली. या प्रकरणाचे आकर्षण मोठे आहे, पण त्याच्या उजेडात १७८९ चे अर्ज वाचू नका. गारफील्ड यांच्या काळापर्यंत पदे पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटण्याची पद्धत रुजली होती. वॉशिंग्टन यांच्यापुढे पक्षच उभे राहिलेले नव्हते.

सुरुवात एकट्या सव्हानापासून करा. फिशबर्न यांच्या जागी लॅकलन मॅकिंटॉश यांची नेमणूक झाली. त्या बंदरातल्या पदांसाठी आलेले सर्व अर्ज, शिफारशी, उत्तरे आणि सिनेटचे निर्णय तारखेनुसार लावून तो तक्ता मला पाठवा. प्रकरणांची विभागणी त्यानंतर ठरवू.

तुमचा हितचिंतक