फ्रेंच फ्राइज घरी केले की दोन मिनिटांत मऊ का पडतात?

तुम्ही लिहिलंय की बटाट्याचे लांबट काप कडकडीत तेलात तळता, काढताना छान वाटतात आणि ताटात येईपर्यंत सादळतात. फास्ट फूडच्या दुकानातल्यासारखे कुरकुरीत हवेत, त्यासाठी कॉर्नफ्लोर लावावं का, आणि सकाळी तयारी करून संध्याकाळी तळले तर चालेल का, असंही विचारलंय. माझंही बरेच महिने असंच होत होतं. प्रत्येक वेळी मी आच वाढवत गेले आणि प्रत्येक वेळी बाहेरून तपकिरी, आतून गिळगिळीत असेच फ्राइज निघाले.

गडबड पाण्याची आहे. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. कच्चा काप थेट कडक तेलात पडला की वरचा पातळ पापुद्रा लगेच रंग धरतो, आतलं पाणी मात्र बरंचसं तिथेच राहतं. कढईतून काढल्यावर तीच वाफ बाहेर येते आणि पापुद्र्याला आतून भिजवते.

दुकानातले फ्राइज बहुतेक वेळा कच्च्या बटाट्यापासून तिथे तळलेले नसतात. कारखान्यात काप आधी गरम पाण्यातून काढतात, वाळवतात, एकदा हलके तळतात आणि गोठवतात. दुकानात होते ती दुसरी तळणी. मॅकडोनाल्ड्समध्येसुद्धा पूर्वी ताजे बटाटे दुकानातच सोलत. १९६७ मध्ये सिम्प्लॉट या गोठवलेले बटाटे विकणाऱ्या अमेरिकन उद्योजकाशी बोलणं झालं आणि मग गोठवलेले फ्राइज आले. म्हणजे घरी आपल्याला कारखान्यातलं कामही करायचंय.

बटाटा पिठूळ हवा, जुना आणि कोरडा. नवा, पातळ सालीचा बटाटा पाणीदार असतो. जात कळत नसेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटे सोडा. पिठूळ बटाटा तळाशी जातो, चिकट जातीचा तरंगतो. आणि फ्राइजचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, हे अगदी कळकळीने सांगते. थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. मग फ्राइज शिजण्याआधीच काळपट होतात आणि कडवट लागतात. शिवाय अशा बटाट्यात तळताना अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे आरोग्याला घातक समजलं जाणारं एक रसायन, जास्त तयार होतं. म्हणूनच रंग सोनेरी झाला की थांबायचं, तपकिरीपर्यंत जायचं नाही.

काप ६ ते ७ मिलिमीटर जाडीचे, शक्यतो सारखे करा. वरचं पिष्ट जाऊन पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, नाहीतर काप एकमेकांना चिकटतात. मग १ किलो बटाट्याला २ लिटर थंड पाणी, २ मोठे चमचे मीठ आणि २ मोठे चमचे व्हिनेगर असं पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवा. उकळी आल्यावर ८ ते १० मिनिटं पुरतात. व्हिनेगर वगळू नका. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे काप पूर्ण शिजूनही मोडत नाही. तळल्यावर आंबट चव राहत नाही. एक काप काट्यावर आडवा धरून बघा. दोन्ही टोकं किंचित झुकली, कडा जराशा भुरभुरीत दिसल्या आणि काप बोटचेपा झाला की झालं. पुढे त्या भुरभुरीत कडाच सगळ्यात कुरकुरीत होतात.

आता काप अलगद उपसून सुती कापडावर एकेरी पसरा आणि १० ते १५ मिनिटं हात लावू नका. वाफ जाऊ द्या. ओला काप तेलात गेला तर तेल उडतं आणि थंडही होतं.

पहिली तळणी साधारण १६० अंश सेल्सिअसला, २ ते ३ मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही, काप फिकटच दिसायला हवेत. मग पूर्ण गार करा. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि लगेच दुसऱ्यांदा तळतात. निदान अर्धा तास द्या. जमलं तर ताटात सुटे पसरून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या. गोठताना आत बर्फाचे बारीक स्फटिक होतात, ते पेशी फोडतात आणि पुढच्या तळणीत पाणी भराभर निघून जातं. आतला गर म्हणूनच इतका हलका होतो.

दुसरी तळणी १९० अंशांना, ३ मिनिटांच्या आसपास. गोठवलेले काप वितळू न देता थेट सोडा, फक्त वरचं हिम झटका. कढई निम्म्याहून जास्त भरू नका, कारण तेल एकदम फसफसून वर येतं. एका घाण्यात दोन मुठीच. जास्त टाकले की तेल निवतं आणि फ्राइज तेल पितात. थर्मामीटर नसेल तर कानावर भरवसा ठेवा. आधी तेल जोरात खळखळतं, पाणी संपत आलं की बुडबुडे कमी होतात आणि आवाज बारीक होतो. तेव्हा झाऱ्यात घेऊन हलवा. खडखड वाजले तर काढा, नुसते सरकले तर अर्धा मिनिट आणखी.

काढल्यावर जाळीवर पसरा. कागदावर ढीग केला की खालचे वाफेने मऊ पडतात, आणि झाकण तर अजिबात नको. बारीक मीठ तेव्हाच, गरम असताना भुरभुरवा. तळण्याआधी मीठ लावलं तर पाणी सुटतं.

कॉर्नफ्लोरचं म्हणाल तर त्याने बाहेर कडक कवच येतं, आणि बाजारातल्या काही फ्राइजना तसा लेप असतोही. पण आतलं पाणी त्याने कमी होत नाही. मी लावत नाही. एअर फ्रायर असेल तर पहिल्या तळणीपर्यंत सगळं हेच करा, शेवटी चमचाभर तेल चोळून २०० अंशांना ठेवा. तळलेल्याइतके कुरकुरीत होत नाहीत, पण चांगले होतात.

सकाळची तयारी नक्की चालेल. पहिली तळणी करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि संध्याकाळी सगळे ताटावर बसले की दुसरी सुरू करा. एकदा कडक झालेले काप हवाबंद पिशवीत भरले तर महिनाभरही राहतात. मी दोन किलोंचे एकदमच करून ठेवते.