परसातली खोली आणि नोटिशीवरची तारीख

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. 2024च्या ऑगस्टमध्ये मागच्या बागेत कुंपणालगत गार्डन रूम बांधून घेतली. सपाट छत, उंची 2.8 मीटर. तीन मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, असं कंत्राटदार म्हणाला होता. तीन आठवड्यांपूर्वी कौन्सिलची एन्फोर्समेंट नोटीस (विनापरवाना बांधकामावरच्या कारवाईची नोटीस) आली. बांधकाम नियमित करण्याचा अर्ज टाकतो आहोत. तोवर नोटीस थांबेल ना?

उत्तर: नाही. खोलीचे इतके फोटो पाठवलेत, पण नोटीस अमलात येण्याची तारीख कुठेच लिहिली नाहीत. सगळं अडलंय ते तिथेच.

हा घोळ आपल्याकडचे बरेच जण घालतात. महाराष्ट्रात एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 खाली मुदतीत अर्ज केला की त्याच्या निकालापर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही. इंग्लंडात तसं नाही. असा अर्ज विचारात घ्यायलाच कौन्सिल नकार देऊ शकते. नोटीस थांबते ती 1990च्या प्लॅनिंग कायद्याच्या कलम 174 खालच्या अपिलाने, आणि ते प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोटीस अमलात येण्याच्या तारखेच्या आधी जायला हवं. त्या दिवशी नव्हे, आधी. झालेला उशीर माफ होत नाही. बजावणीपासून ही तारीख किमान 28 दिवस पुढची असते. त्यातले तीन आठवडे तुम्ही घालवलेत.

अपील वेळेत गेलं तर निकालापर्यंत नोटीस लागू होत नाही. इन्स्पेक्टोरेट रेंगाळतं म्हणून लोक बोटं मोडतात. तुमच्या ते पथ्यावरच पडेल.

बाकीचं मोघमच सांगतो. हद्दीपासून 2 मीटरच्या आत उंचीची मर्यादा 2.5 मीटर आहे. कंत्राटदाराने अर्धाच नियम सांगितला, तुम्हीही तपासला नाहीत. जमीन उताराची असेल तर इमारतीलगतच्या सर्वांत उंच जागेपासून मोजतात, तेव्हा पुन्हा मोजून बघा. तरी जास्तच भरली, तर पाडण्याऐवजी छत खाली घेऊ द्यावं, हेही अपिलात मांडा. चार वर्षांत बांधकाम कारवाईपासून आपोआप सुरक्षित होतं, हे तुम्हाला लागू नाही; 25 एप्रिल 2024 पासून पुढे पूर्ण झालेल्यांना दहा वर्षं. तिथे कुणी झोपत असेल तर प्रकरण आणखी अवघड, आणि ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

अपील आजच ऑनलाइन भरा, नोटिशीची प्रत जोडून. तारीख उलटली असेल तर मला पुन्हा लिहिण्यात वेळ घालवू नका, तिथला सॉलिसिटर गाठा. नोटिशीचं पालन न करणं हा गुन्हा आहे आणि दंडाला कमाल मर्यादा नाही.