बाळदमा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. स्पेसरला (पंपातलं औषध क्षणभर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) मास्क लावून रोज पंप (इनहेलर) देते, तरी रात्री खोकतोच. औषध लागू पडत नाही का? मशीननं (नेब्युलायझरनं) वाफ द्यावी का?

औषध बदलण्याआधी ते छातीत उतरतंय का, ते बघू. बहुतेक वेळा घोटाळा तिथंच असतो.

मुलाला मांडीवर ताठ बसवा. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा, स्पेसरला लावा आणि मास्क नाक-तोंडावर चपखल बसवा. गालापाशी थोडी जरी फट राहिली तरी औषध बाहेरच्या बाहेर जातं. मग एकच पफ (फवारा) दाबा आणि मुलाला ५-६ संथ श्वास घेऊ द्या. प्रत्येक श्वासाला स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग द्या. घाईत दोन पफ एकदम मारले की बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं.

मूल रडत असताना दिलेला पफ जवळजवळ वाया जातो. हुंदक्यातला श्वास तुटक असतो, त्यामुळे औषध घशात आणि पोटात जातं. आधी एखादा दिवस मास्क नुसता खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि हवेवर वाळू द्या. तोंडाशी येणारा भाग तेवढा साध्या पाण्यानं धुवा. आतून फडक्यानं पुसू नका. घासल्यानं प्लॅस्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषधाचे कण त्याला चिकटतात. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे औषध संपल्यावरही पंपातून फवारा येत राहतो. पंपावर आकडा दिसत नसेल, तर डबीवर लिहिलेले एकूण पफ आणि रोजचे पफ यांचा हिशेब कॅलेंडरवर मांडून ठेवा.

मशीनचं म्हणाल, तर दम्याच्या साध्या झटक्यात पंप आणि स्पेसर तितकेच उपयोगी पडतात, शिवाय वेळ कमी लागतो. हे सगळं नीट करूनही रात्रीचा खोकला राहिला, तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : नातीला दोन महिने काहीच त्रास नाही. तरी सून रोज पंप देते. सवय नाही का लागणार? उंचीही खुंटते म्हणतात.

आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. पंपाची सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज उतरवतो, आणि त्रास नाही तो त्याच्यामुळेच. तो परस्पर बंद केला, तर सूज हळूहळू परत येते आणि एखाद्या सर्दीचं निमित्त होऊन झटका येतो. साधारण तीन महिने सगळं सुरळीत राहिलं, की डॉक्टर स्वतःच मात्रा उतरवण्याचा विचार करतात.

रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं, त्यामुळे उंचीची शंका अगदीच निराधार नाही. फरक पडलाच तर साधारण एक सेंटिमीटरचा असतो. उलट, आटोक्यात नसलेला दमा आणि वारंवार पोटात घ्यावी लागणारी (गोळ्या-सिरपमधली) स्टेरॉइडं यांचा धोका जास्त. पंपानंतर चूळ भरायला लावा, म्हणजे तोंडात बुरशी होण्याची शक्यता कमी होते, आणि मास्क वापरत असाल तर चेहराही पुसा.

प्रश्न : धाप लागली तर घरी किती वेळ थांबायचं?

डॉक्टरांकडून लेखी सूचना घेऊन ठेवा आणि त्याच पाळा. त्या हाताशी नसतील, तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला लगेच आराम देणाऱ्या सालब्युटामॉलचे (१०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे) २ पफ स्पेसरमधून, एकेक करून द्या. २० मिनिटांनी पुन्हा २, गरज पडली तर आणखी एकदा. दोन तासांत सहाहून जास्त लागले किंवा आराम टिकला नाही, तर दवाखाना गाठा.

बोलताना वाक्य तुटणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, मूल पेंगणं, यातलं काहीही दिसलं तर २० मिनिटंही थांबू नका. वाटेत पफ देत राहा. दमलेल्या मुलाची घरघर अचानक थांबली, तर बरं वाटलं असं समजू नका. हवाच पुरेशी आत-बाहेर होत नसेल, तर आवाजही येत नाही. खोकल्याचं औषध इथं कामाचं नाही.

प्रश्न : खेळायला पाठवू का?

जरूर. पळताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून खेळाआधी १०-१५ मिनिटं आराम देणारा पंप देता येतो. हाच पंप आणि स्पेसर दप्तरात असू द्या, आणि तो कसा द्यायचा हे वर्गशिक्षकांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.