कॉमन रूममध्ये सोफे, टीव्ही सगळं आहे, तरी कोणी बसत नाही. काय बदलावं?

नवं फर्निचर घेण्याआधी दार पाहा. आत कोण बसलंय हे आत न शिरता दिसतं का? बंद दार ढकलल्यावर चार अनोळखी चेहरे एकदम वळत असतील, तर नवखा माणूस पुन्हा फिरकत नाही. दाराला काचेची उभी पट्टी बसवा. ते अग्निरोधक दार नसेल तर दिवसभर उघडंच ठेवा.

दुसरं, खोली येण्याजाण्याच्या वाटेवर हवी. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण ये-जा त्यांच्या दारावरून होती. तुमची खोली टोकाला असेल तर पाण्याचं मशीन किंवा पार्सलचं कपाट तिथे हलवा, म्हणजे यायला निमित्त मिळेल.

आता मांडणी, कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो. भिंतीलगत रांगेने सोफे लावले की ती दवाखान्यातली प्रतीक्षा-खोली होते. तीन जणांच्या सोफ्यावर अनोळखी माणसं दोनच बसतात, मधली जागा वाया जाते. त्यापेक्षा सुट्या, एका हाताने सरकतील अशा खुर्च्या घ्या. न्यूयॉर्कच्या चौकांचं निरीक्षण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांना दिसलं होतं, की बसण्याआधी लोक अनेकदा खुर्ची थोडी तरी सरकवतात. चार-पाच खुर्च्यांचे घोळके करा, समोरासमोरचं अंतर दीड ते दोन मीटर. शेजारच्या दोन खुर्च्या काटकोनात ठेवल्या की बोलणं सोपं जातं आणि गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. पायांना फेल्टच्या चकत्या लावा, नाहीतर फरशीच्या खरखरीला कंटाळून कोणीतरी खुर्च्या हलवायला बंदी घालतं.

टीव्ही एका कोपऱ्यात न्या. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून असल्या की रिमोट ज्याच्या हातात, खोली त्याची.

एकदा टाळी वाजवून पाहा. आवाज घुमत राहिला तर गर्दीत प्रत्येक जण मोठ्याने बोलणार. नुसत्या गालिच्याने हे भागत नाही. छताला ध्वनिशोषक पॅनेल आणि खिडकीच्या दुप्पट रुंदीचे, चुण्या पडणारे जाड पडदे लावा. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचे, दर दोन जागांमागे एक सॉकेट.

गटांना पूर्ण खोली आरक्षित करू देऊ नका. दोनदा कुलूप दिसलं की माणसं तिसऱ्यांदा येत नाहीत.

हे बदल करण्याआधी आठवडाभर रोज रात्री ९ वाजता किती जण बसलेत ते लिहून ठेवा, नंतरही तसंच मोजा.