अभ्यासाची चालढकल कशी थांबवावी?

वहीत नुसतं ‘इतिहासाचा अभ्यास’ लिहिलं की चालढकल होणारच, कारण सुरुवात कुठून करायची हे त्यात नसतं. ‘सकाळी ७ वाजता, १८५७च्या उठावाची कारणं, ४ पानं’ असं लिहा आणि पुस्तक आदल्या रात्रीच त्या पानावर उघडून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून भागत नाही, हात जातोच. गजर साध्या घड्याळावर लावा: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोडोरो पद्धत. गाडी घसरते ती विश्रांतीतच: रील्स उघडली की ५ची ४० मिनिटं होतात. म्हणून उठून पाणी प्या, गच्चीवर फिरा. पहिल्या आठवड्यात दिवसाला अशा २५ मिनिटांच्या कामाच्या चारच फेऱ्या करा. संध्याकाळचा एक तास मात्र रिकामाच ठेवा; राहिलेलं तिथे उरकतं.