‘अनुवांशिक’ की ‘आनुवंशिक’?

प्रश्न असा आलाय: ‘अनुवांशिक’ बरोबर की ‘आनुवंशिक’? आणि ‘जनुकीय’ म्हणजे तेच का?

रूपाचं उत्तर सोपं. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होतो: समाज–सामाजिक, अनुषंग–आनुषंगिक. तसंच अनुवंश–आनुवंशिक. वंशापासून ‘वांशिक’ होतो तो बरोबरच. त्यालाच पुढून ‘अनु’ चिकटवल्याने घोळ झाला असावा. छापील मजकुरातही चुकीचं रूप सर्रास दिसतं.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. इंग्रजीत ‘जेनेटिक’ या एकाच शब्दाने दोन्ही कामं भागतात, म्हणून आपणही मराठीत सरमिसळ करतो. पण आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं, आणि जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, मग ते वारशाने आलेलं असो वा नसो. बहुतेक कर्करोगांत जनुकं बिघडतात ती माणसाच्या हयातीत. रोग जनुकीय, आनुवंशिक नव्हे. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते (काटेकोर बोलायचं तर ‘गुणसूत्रीय’ म्हणा). ती बहुधा बीजपेशी तयार होतानाच्या चुकीतून येते, आईबापांची गुणसूत्रं ठाकठीक असतात. तिथे ‘आनुवंशिक’ म्हटलं की ‘कुणाच्या घराण्यात होतं?’ सुरू होतं, आणि आपल्याकडे बोट कुणाकडे वळतं ते सांगायला नको.

आता विदर्भात, नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल घ्या, सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. हा अस्सल आनुवंशिक. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत सदोष, स्वतः धडधाकट. तरी प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. यावर २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या मूलपेशी काढायच्या, त्यांतल्या जनुकात क्रिस्परने (जनुकं कापण्याच्या तंत्राने) काटछाट करायची, म्हणजे जन्मानंतर मागे पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं, आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. मात्र बीजांडांना वा शुक्राणूंना हात लागत नाही. रुग्ण बरा झाला तरी सदोष प्रत त्याच्या प्रत्येक मुलाकडे जाणारच. म्हणून ‘जनुकीय उपचार’ लिहा. ‘आनुवंशिक उपचार’ असं काही नसतं.

‘जन्मजात’ तर तिसरंच. गरोदरपणी आईला रुबेला झाल्याने आलेला बहिरेपणा जन्मजात असतो, आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर.