द्राक्षबागायतदाराच्या मुलीनं ओढे आणि माळरानं जिवंत करायला शिकावं का?

प्रश्न : मॅडम, आमची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, बायोलॉजी होतं, सीईटीला मार्क बरे आहेत. फार्मसी सहज मिळेल. पण ती म्हणते, शेती सुधारता सुधारता आजूबाजूचे ओढे, डोंगर, माळरानं पुन्हा जिवंत करायची आणि एकमेकांना जोडायची, हेच काम मला शिकायचंय. तिचे वडील म्हणतात, शेतीतून बाहेर पडावी म्हणून शिकवली आणि ही परत मातीतच चालली. झाडं लावायला डिग्री कशाला लागते? झाडी वाढली तर बिबटे आणखी येतील, त्याचं काय? आणि पगार कोण देणार? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

तिला जाऊ द्या, असंच माझं मत आहे. फक्त पहिली पदवी पक्की आणि सर्वमान्य असू दे. ‘पर्यावरण’ आणि ‘सस्टेनेबल’ असे शब्द जोडून निघालेले महागडे खासगी कोर्स आत्ता नकोत.

झाडं लावायला डिग्री लागत नाही, हे तिच्या वडिलांचं म्हणणं खरं आहे. पण कुठे लावायची नाहीत, हे कळायला शिकावं लागतं. आपला जिल्हाच बघा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास. येवल्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट राहतात, मेंढरं चरतात. ते गवताळ रान आहे. तिथे चर खणून गिरिपुष्प लावलं की फोटो हिरवा येतो, पण गवत जातं आणि गवतावर जगणारं सगळं जातं. उलट त्र्यंबक-इगतपुरीच्या बोडक्या डोंगरावर पुष्कळदा रोपं लावावीच लागत नाहीत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, वणवा येऊ दिला नाही, तर ऐन, हिरडा, सागाच्या जुन्या खोडांना आपोआप फुटवे येतात. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे ओळखणारी माणसं फार थोडी आहेत. याची मला खरोखर काळजी वाटते, कारण वृक्षलागवडीवर पैसा मात्र दरवर्षी खर्च होतो.

आता जोडण्याबद्दल. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या बाजूला थोडं जंगल उरलंय, खाली गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमधमेश्वरची पाणथळ जागा आहे. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. या दोन टोकांच्या मध्ये आहे तुमची-आमची शेती. पाखरं, मधमाश्या, उदमांजरं या मधल्या पट्ट्यातून ये-जा करतात ती ओढ्याच्या काठानं आणि बांधावरच्या झाडांवरून. तो काठ नांगरला आणि बांध कोरला की वाट तुटते. शिवाय शेतातली माती आणि खत त्याच ओढ्यांनी वाहून संगमावरच्या पाण्यात जातं.

याचा शेतीशी काय संबंध, असं बागायतदार विचारतात. द्राक्षाला परागीभवनासाठी माशी फारशी लागत नाही, म्हणून त्यांना ते जाणवत नाही. पण तुमच्या गावात कांद्याचं बी धरणाऱ्या कोणालाही विचारा. कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन टाकावेच लागतात. डोंगळ्यावर, म्हणजे कांद्याच्या फुलाच्या दांड्यावर, माशी आली नाही तर गोंडा दिसतो भरलेला, चोळला की फोलपट निघतं. आग्या माशी पोळं करते ते डोंगरकड्याला नाही तर वड-सावरीसारख्या उंच झाडाला. ती झाडं तोडायची, फुलकिड्यासाठी ऐन फुलोऱ्यात फवारायचं, आणि मग भाड्यानं मधपेट्या आणायच्या, हे चक्र आपल्याकडे चालू आहे. रिजनरेटिव्ह शेती, म्हणजे माती पुन्हा सकस करत केलेली शेती, इथे या कामाला येऊन मिळते. खरड छाटणीच्या काड्या जाळायच्या नाहीत, बारीक करून ओळींत आच्छादन करायचं. हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंचा गाडायचा, तणनाशक कमी करायचं, काठावर गवताचा पट्टा राखायचा.

तुमच्या मुलीचा कामाचा दिवस कसा असेल, ते एका ओढ्यावरून सांगते. आधी नकाशा काढायचा : दोन्ही काठांचे गट नंबर, खासगी किती, गायरान किती, वनखात्याचं किती. मग पायी चालायचं आणि करंज, उंबर, सादडा कुठे उरलेत ते नोंदवायचं. त्यानंतर एकेका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचं. तो म्हणणार, झाडाची सावली बागेवर पडेल, भुरी रोग वाढेल, पाखरं मणी फोडतील. या भीतीत तथ्य आहे, ती उडवून लावून चालत नाही. बागेपासून अंतर किती सोडायचं, कुठल्या दिशेची झाडं चालतील, जिथे झाड नकोच तिथे वाळा किंवा गवत लावून भागेल का, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावं लागतं. शहरात वाढलेल्या हुशार पोरांना नकाशा उत्तम येतो, पण या ओट्यावर ती अडतात. तुमची मुलगी द्राक्षाच्या मांडवाखाली वाढली आहे. द्राक्षवाल्याला रात्री झोप का लागत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको.

बिबट्याचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. निफाडमध्ये तो आजच उसात राहतो, झाडीची वाट बघत थांबलेला नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शेतशिवारात कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा माणसांच्या दाट वस्तीतही बिबटे कायमचे राहतात हे पुढे आलं. काठावर झाडी वाढवली म्हणजे तो आपोआप निघून जाईल, असंही मी म्हणणार नाही. म्हणून या कामात बंदिस्त गोठा, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं न सोडणं, नुकसानभरपाईचा अर्ज, या गोष्टी झाडांइतक्याच येतात. गावाशी हे आधीच स्पष्ट बोललं नाही, तर पहिली शेळी गेली की सगळं काम थांबतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पहिली पसंती बीएस्सी कृषी, चार वर्षं, राहुरी कृषी विद्यापीठाअंतर्गत. वनशास्त्राची पदवी दापोली आणि विदर्भातल्या अकोल्याला आहे. तिला जंगलाचीच ओढ जास्त असेल तर पसंतीक्रमात दापोली वर टाका. तरी मी कृषीकडेच झुकते. माती, पाणी, कीड सगळं त्यात येतं, शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून गावात राहून काम करावं लागतं, आणि कृषी सेवा, वनसेवा या एमपीएससीच्या तसंच भारतीय वनसेवेच्या यूपीएससी परीक्षांची दारंही उघडी राहतात. पदवी चालू असतानाच जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) आणि स्थानिक झाडा-गवतांची ओळख या दोन गोष्टी तिनं स्वतःहून शिकाव्यात. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम नंतर करता येईल. पुढे देहरादूनची वन्यजीव संस्था किंवा भोपाळची वन व्यवस्थापन संस्था आहे.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. पहिली काही वर्षं फार्मसीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी मिळू शकेल, आणि संस्थांमधलं काम बरेचदा प्रकल्पाच्या मुदतीपुरतं असतं. पण पैसे देणारे आहेत. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ ही संस्था सुरगाणा-पेठच्या बाजूला वाडी प्रकल्प राबवत आली आहे : आंबा-काजूची कलमं आणि कडेनं जंगली झाडं. पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ (WOTR) नावाची संस्था आहे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी आहे. युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्या शेतकरी कंपन्यांना रेसिड्यूचे, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचे, नियम पाळावेच लागतात, त्यांनाही माती आणि कीड समजणारी माणसं हवी असतात. मोहाडीची सह्याद्री फार्म्स तुमच्यापासून फार लांब नाही. सुट्टीत काम शिकायला मिळेल का, हे तिनं स्वतः जाऊन विचारावं.

तिच्या वडिलांना एवढंच सांगा, ती बागेच्या कर्जात आणि बाजारभावात परत जात नाहीये. ती दुसऱ्यांच्या शेतावर तज्ज्ञ म्हणून, पगार घेऊन जाणार आहे. जमल्यास या आठवड्यात त्या दोघांना तुमच्या शेतालगतच्या ओढ्यानं एकदा चालून येऊ द्या. कुठली झाडं होती आणि कधी गेली हे वडिलांना माहीत असणार, ते तिनं लिहून घ्यावं.

फार्मसीचा अर्ज भरलेला असेल तर राहू द्या, कृषीची यादी लागेपर्यंत तो रद्द करू नका. कृषीसाठी सातबारा आणि तिच्या नात्याचा पुरावा तयार ठेवा, शेतकरी कुटुंबाला गुणांचा अधिभार मिळतो. यंदाचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर तहसीलला आजच अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात तिथे गर्दी होते.